साधा प्रश्न

हौसा गेली त्याच दिवशी पेणच्या डॉक्टरने सांगितलं, पायात गोठलेलं रक्त फुप्फुसात अडकलं. "फार दिवस पडून राहिलं की होतं असं. म्हणून तर आल्याआल्या विचारलं होतं, बाई अंथरुणात होत्या का?"

"नि मी सांगितलं होतं," कान्हू म्हणाला, "आमची बायको लोळणारी नाय. सकाळपर्यंत मिठागरात होती."

रोह्याहून दिवसांना आलेल्या तिच्या माहेरच्यांपुढे तो डॉक्टरलाच दोष देत होता. "कसला डॉक्टर? बाईला श्वास घेववत नाय नि हा पित्ताचं इंजेक्शन टोचतो. त्याच्यापरीस आमचा बैल शहाणा."

मेहुण्याने मान डोलवली.

सगळे गेल्यावर कान्हू आतल्या खोलीत गेला.


कंबर धरून हौसा तीन आठवडे जिथे पडून होती, ते अंथरूण अजून गुंडाळायचं राहिलं होतं.