पोस्टरवरचा फ्लिन

काझिमिर व्रुब्लेव्स्की आठवडाभर खाणीत कोळसा फोडायचा आणि रविवारी सकाळच्या गाडीने ओहायोतल्या आमच्या गावी येऊन, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात चेंडू काखेत दाबून अकरा जणांच्या अंगावर धावून जायचा. संघाच्या मॅनेजर हेनेसीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाबा रे, तुझं नाव छापायचं तर पोस्टरला दुसरा कागद जोडावा लागेल. आजपासून तू बिली फ्लिन."

सहा हंगाम गावाने फ्लिनला डोक्यावर घेतलं. काझिमिरच्या वाट्याला तीन मोडक्या बरगड्या आल्या, दोन दात गेले आणि शेवटी गुडघाच गेला.

"बरा होऊन येतो, साहेब. तोवर माझी जागा ठेवा."

"जागेचं बघू," हेनेसी म्हणाला. "पोस्टरं मात्र डिसेंबरपर्यंतची छापून झालीत."

पुढच्या रविवारी काझिमिर कुबडी घेऊन प्रेक्षकांत बसला. आज फ्लिन कुठाय, असं कुणीतरी विचारेल म्हणून कान देऊन होता. तेवढ्यात त्याचीच जर्सी घातलेला, चामडी टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक नवा गडी मैदानात उतरला. चिखलात तोंड कोण बघतंय? सगळं गाव ओरडलं, "फ्लिन! फ्लिन!"

शेजारी बसलेल्या पोलादाच्या भट्टीवरच्या कामगाराने काझिमिरला कोपर मारलं. "काय सुटलाय बघ आज! मध्यंतरी पार मंदावला होता, नाही का रे?"



"हो," काझिमिर म्हणाला. "गुडघा दुखायचा त्याचा."