रडण्याचं काम

"आई, हे रडणं माझं आहे," सून म्हणाली.

सासूबाईंनी मोबाइलवरून मान वर केली नाही. सकाळपासून त्यांनी ती क्लिप इतक्यांदा लावली होती की भिंतींनाही पाठ झाली असेल. दवाखान्याचं बंद दार, खाली उदास संगीत, आणि एक बाई हंबरडा फोडतेय, "दार उघडा हो, माझ्या बाळाला बघू द्या!" वर लाल अक्षरांत लिहिलेलं, डॉक्टरबाईंनी पैशासाठी बाळ मारलं, परवा मत देताना लक्षात ठेवा.

"गेल्या वर्षी त्या मालिकेसाठी दिला होता ना आवाज, तोच उचललाय कुणीतरी."

"गप गं. बिचारीचं पोर गेलंय."

सून मालिकांना आवाज द्यायची. डोळे नटीचे गळायचे, गळा हिचा असायचा. स्टुडिओत तिला लाडाने रडूबाईच म्हणत. आपलं घर रडण्यावर चालतं, ही घरातली जुनी थट्टा होती. आज कुणाला थट्टा सुचत नव्हती, कारण नवरा त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीला होता. मघाशी त्याचा फोन आला होता. बाळबीळ काही गेलेलं नाही, पण बाहेर माणसं जमलीत, हातात दगड आहेत. दार आतून लावून त्याला बाकं टेकवलीत. पेशंट आत, डॉक्टरबाई आत, पोलीस निघालेत म्हणतात.

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू चपला घालून तयार होत्या. डॉक्टरबाई निवडणुकीला उभ्या होत्या आणि गेल्या आठवड्यापर्यंत याच काकू त्यांची पत्रकं घरोघर वाटत होत्या.

"चला, आपली सगळी बिल्डिंग निघालीय दवाखान्यावर. जाब विचारायलाच हवा."

"काकू, तो आवाज माझा आहे."

"काहीतरीच काय!"

"रडून दाखवू? तुम्ही रेकॉर्ड करा. ग्रुपवर टाका, म्हणजे सगळ्यांना कळेल."

काकूंनी मोबाइल वर धरला. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुणी बघत असलं की तिला रडायला यायचं नाही. तिने एक हात कानाशी नेला, स्टुडिओत नेते तसा, आणि सुरुवात केली.

आधी ते नुसतं काम होतं. तोच हुंदका, मध्ये तोच अडकलेला श्वास. मग तिला त्या दाराला टेकवलेली बाकं दिसली, त्यांच्यामागचा नवरा दिसला आणि गळा तिच्या ताब्यात राहिला नाही.

"अहो, दार उघडा हो! मला आत येऊ द्या!"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"अगं बाई, तूच की गं ती!"

"टाका ग्रुपवर. लिहा, रडणारी बाई ही आहे, आमच्या बिल्डिंगमधली. बाळाची गोष्ट खोटी आहे. घरी परत या."

काकूंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, सगळं लिहिलं आणि पाठवलं. सुनेला जरा हायसं वाटलं. ती मटकन खुर्चीत बसली.

सासूबाई अजून क्लिपकडेच बघत होत्या. "रडणं तुझं असेल बाई," त्या म्हणाल्या, "पण बाळ तर गेलंच ना?"

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. काकूंच्या मोबाइलवर मात्र टिंगटिंग सुरू झाली होती. जोडलेले हात, रडके चेहरे, पुन्हा जोडलेले हात.

"बघ, पोचलं सगळ्यांना," काकू खुशीत म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "हे काय गं? हे मी नाही लिहिलं."

सुनेने उठून मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवरून तिचं रडणं परत आलं होतं. भिंत नव्हती, ती नव्हती, काकूंचं एकही अक्षर नव्हतं. काळ्या पडद्यावर नुसता आवाज, आणि वर लाल अक्षरं, आणखी एक आई, आत्ता, दवाखान्याच्या दारात. जिथे असाल तिथून निघा. स्पीकर असेल तर हे लावा.

"मी खरंच नाही गं लिहिलं," काकू पुन्हा म्हणाल्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवरा होता. मागे प्रचंड गोंगाट.

"तू कशाला आलीस इथे?" तो ओरडत होता. "वेड लागलंय का तुला? किती दगड पडतायत!"

"अहो, मी घरी आहे!"

"काय? काही ऐकू येत नाही!"

"घरी! मी घरी आहे! आईंच्या समोर उभी आहे!"

तिचा आवाज त्याच्यापर्यंत जात नव्हता. त्याच्या मागून, गोंगाटाच्याही वर, स्पीकरवर कुणीतरी बाई रडत होती. मधला तो अडकलेला श्वास तिने लगेच ओळखला. अहो, दार उघडा हो. मला आत येऊ द्या.

"ऐकतोय गं मी," तो म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. "रडू नकोस. दाराला चिकटून उभी राहा, आलोच."

ती किंचाळली. सासूबाई धडपडत उठल्या.

फोनमधून फरशीवर बाकं सरकवल्याचा आवाज येऊ लागला.