हाताने दोन फेरे

जीपला नवी टायमिंग चेन बसवून तिने चावीला हात घातला, तसे खुर्चीतून सासरे गरजले, "आधी हाताने दोन फेरे दे इंजिनाला."

एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं खोललेले त्यांचे हात आता थरथरायचे, तरी आपल्या पान्यांना ते कुणाला शिवू देत नसत. आज नाइलाज होता.

तिने पान्याने इंजिन फिरवलं. चेन जुळवायला तिने दातेरी चाकांवर नेलपॉलिशने केलेल्या खुणा एका दात्याने चुकल्या होत्या. तशीच चावी मारली असती, तर पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकले असते. तिने सगळं पुन्हा खोललं.

दुपारी जीप सुरू झाली. जुन्या सैल चेनचा खडखडाट पार गेला होता. सासऱ्यांनी बॉनेटला कान लावला आणि पान्यांची पेटी तिच्यापुढे सरकवली.

"उद्या खंडेनवमी. हत्यारं ज्याची, पूजा त्याची," ते म्हणाले. "कुंकू तू लाव."