खांद्यावरचा हात

"ब्राइटनेस वाढवला, तर त्यांच्या आठवणी नुसत्या उजळतील, मावशी. ब्लर केलं, तर चेहरा पुसट होईल. पण क्रॉप केलं, तर आपल्याला भाऊ होता हेच तुम्ही विसराल. आणि यात अनडू नसतं," शरयूने बजावलं. फोटोतला बदल थेट डोक्यात उतरायला लागल्यापासून स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला ती हे तीनतीनदा सांगायची.

हेमलताबाईंनी डोळे पुसले. "श्रीपादला जाऊन वर्ष झालं. अजून रोज दोन ताटं वाढते मी. कर बाई क्रॉप."

शरयूने फोटोची चौकट आत सरकवली. शेजारी उभा असलेला भाऊ कडेबाहेर गेला, तशा बाईंच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. फोटो घेऊन त्या निघाल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, माझ्या खांद्यावर हा हात कुणाचा?"

शरयू चरकली. चार बोटं राहून गेली होती. अगदी नवशिक्याची चूक!

"द्या इकडे, काढून टाकते."

बाईंनी फोटो छातीशी धरला.

"नको, राहू दे. म्हणजे माझंही कुणीतरी होतं म्हणायचं."