बारीक वायर

वायरमनबाईने छतात बसवलेला गोल दिवा स्प्रिंगा दाबून खाली ओढला आणि तिचा हात तसाच थांबला.

“सापडलं का काही?” घरमालकीण आजींनी शिडीखालून विचारलं. “महिनाभर डोळे मिचकावतोय मेला. या वयात मला कोण डोळा मारणार, म्हणून आधी बरं वाटलं!”

वायरमनबाई हसली नाही. दिव्याला जोडलेली वायर बारीक, लवचीक होती. तशी ती चालते, पण जंक्शन बॉक्सपासून दिव्यापर्यंत, हातभर अंतरापुरतीच. इथे बॉक्सच नव्हता. तिने पोकळीत टॉर्च धरला. तीच बारीक वायर एकेक दिवा घेत थेट भिंतीतल्या स्विचपर्यंत गेली होती. मधे मधे करपून तपकिरी झाली होती. अशी वायर वितळली तरी एमसीबी पडून वीज तोडत नाही. तो जाड वायरीच्या हिशेबाने बसवलेला असतो.

जोडावरच्या चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं. पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून असं दुमडणारा एकच माणूस तिला माहीत होता. तिचा नवरा.

तरीही तिने विचारलं, “हे काम कुणी केलं होतं?”

“दहा वर्षं झाली त्याला. एकटाच आला होता. फार सज्जन हो. जाताना खोली झाडूनही दिली.”

नऊ वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या छतात अशीच वायर पेटली. तिथला शिपाई आतच गुदमरून मेला. ते काम तिच्या नवऱ्याने आणि दादाने, तिच्या सख्ख्या भावाने, मिळून केलं होतं. “बारीक वायर मी ओढली,” असं दादाने चौकशीत सांगितलं आणि शिक्षा भोगली. तो सुटून आल्यावर तिने त्याला दारात उभं केलं नाही. नवरा आजारपणात गेला, तेव्हाही नाही. कुठलंही छत उघडलं की शिपायाच्या बायकोचा टाहो तिच्या कानात घुमे. आत्ताही घुमत होता, पण आज तो दादाच्या नावाने नव्हता.

दुपारपर्यंत जाड वायर ओढून झाली असती. कुणाला काही कळलं नसतं. नवऱ्याचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं.

तिने मेन स्विच बंद केला. शिडीच्या पायरीवर बसली आणि इतक्या वर्षांत न लावलेला नंबर लावला.

“दादा, एका घराचं छत उघडलंय. सगळीकडे बारीक वायर आहे. काम यांचं आहे.”

तिने वर, चिकटपट्टीच्या दुमडलेल्या टोकाकडे पाहिलं.

“तू खोटं का बोललास?”

“तुझी पोर पाळण्यात होती, ठके.” मग तो घाईने म्हणाला, “ते राहू दे, आधी पत्ता सांग. जायच्या आधी त्याने मला तेवीस घरांची यादी पाठवली होती. बावीस घरांतली वायर बदलली मी. पत्ता अर्धवट म्हणून हे एकच सापडत नव्हतं.”