चौकातल्या शुभेच्छा

चौकात लागलेला फ्लेक्स पाहून भास्करराव तणतणत घरी आले. त्यावर हेल्मेट घातलेला त्यांचाच फोटो होता आणि खाली मजकूर, "वाई ते लेह, मोटरसायकलवर एकट्याने! काकांना शुभेच्छा."

"फोटो तूच दिलास ना? मला गुपचूप जायचं होतं!"

"मीच दिला," पोळ्या लाटणाऱ्या शकुंतलाबाई म्हणाल्या.

"अगं, नाही झेपलं तर वाटेतून परत फिरायची मोकळीक नको का? आता अर्ध्यातून आलो, तर सगळं गाव हसेल मला!"

लाटणं थांबलं. "अर्ध्यातून? तुम्ही फाटकाबाहेर तरी कधी पडलात? चार वर्षं जेवणाच्या टेबलावर तुमचा तो नकाशा बघतेय मी. एकदा गुडघा, एकदा पाऊस, एकदा नुसतीच धाकधूक. दर वेळी बॅग मी भरली आणि मीच रिकामी केली. हसू दे गाव!"

भास्करराव लालबुंद झाले. यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर राग आवरेना.

"जातो! उद्या पहाटेच जातो!" ते ओरडले.

एरवी "जातो नाही, येतो म्हणावं" असं दटावणाऱ्या शकुंतलाबाईंनी या वेळी मात्र पुढची पोळी लाटायला घेतली.