उरलेलं पाणी

"बाबा, बायकांना थंडी वाजत नाही का?"

विचारून दाखवच, असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. शाल्मलीने ते थेट काकांसमोरच विचारलं. गळका बंब मोडीत काढून गिझर घ्यायचा होता, आणि बाबा आणि काका सगळ्यात लहान गिझरवर खूश होते.

"अगं, आमच्या अंघोळी झाल्या की उरलेलं पुरतं की तुम्हाला," बाबा म्हणाले.

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महाबळेश्वरच्या थंडीत आईने पहाटे फुंकणी फुंकायची, धुराने डोळे लाल करून घ्यायचे, आणि शेवटी कोमट पाण्यात कुडकुडायचं!

"जाऊ दे गं," आई पुटपुटली.

"मुळीच नाही, आई! बाबा, काका, ऐका. उद्यापासून बंब मी पेटवणार. पहिलं कढत पाणी आईला, दुसरं मला. उरेल त्यात तुम्ही दोघे भागवा. मग बघू, केवढा गिझर लागतो ते!"